२१५ जागांचा निकाल कसा वाचायचा?

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक फेब्रुवारी १९६२ मध्ये झाली. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) १५, प्रजासमाजवादी ९, कम्युनिस्ट ६, रिपब्लिकन ३, समाजवादी १ आणि अपक्ष १५. एवढा तक्ता पाहिला की बहुतेक जण म्हणतात, तेव्हा विरोधक नव्हतेच. शेजारचा मतांचा रकाना मात्र वेगळंच सांगतो. काँग्रेसची मतं सुमारे ५१ टक्के. विरोधात किंवा निदान बाहेर गेलेली मतं जवळपास तेवढीच.

या दोन रकान्यांमधलं अंतर कुठून आलं ते समजलं, की एका पक्षाच्या वर्चस्वाखालची कुठलीही निवडणूक वाचता येते. त्यासाठी आधी थोडं गणित करावं लागतं, आणि मग गणिताला न दिसणाऱ्या गोष्टींकडे वळावं लागतं.

निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल उघडले की पहिल्यांदा पक्षनिहाय तक्ता दिसतो: किती जागा लढवल्या, किती जिंकल्या, किती ठिकाणी अनामत गेली, किती मतं, किती टक्के. टक्क्यांचे दोन आकडे असू शकतात. एक राज्यातल्या एकूण वैध मतांच्या प्रमाणात, दुसरा फक्त त्या पक्षाने लढवलेल्या जागांमधल्या मतांच्या प्रमाणात. शेकापसारखा पक्ष सगळ्या जागा लढवत नाही, त्यामुळे पहिल्या आकड्यात तो आहे त्यापेक्षा लहान दिसतो. दोन पक्षांची तुलना करताना एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेतला, तर सगळं मुसळ केरात. ही चूक वर्तमानपत्रांतल्या लेखांतही सर्रास सापडते.

१९६२ मध्ये शेकापला राज्यभरात सुमारे साडेसात टक्के मतं होती, प्रजासमाजवाद्यांना सात, कम्युनिस्टांना सहा, रिपब्लिकनांना पाच-साडेपाच, जनसंघाला पाच. उरलेली बहुतांश अपक्षांची. आता जागांशी ताडून पाहा. साडेसात टक्क्यांना १५ जागा, सहा टक्क्यांना ६, पाच-साडेपाच टक्क्यांना ३, आणि जनसंघाच्या पाच टक्क्यांना शून्य. लहान पक्षासाठी मतं किती यापेक्षा ती कुठे पडली हे मोलाचं. शेकापची मतं कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, सांगोल्यासारख्या तालुक्यांत दाट होती. गणपतराव देशमुख सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले ते याच निवडणुकीत. रिपब्लिकन पक्षाची अडचण नेमकी उलटी. त्याचा मतदार जवळपास प्रत्येक तालुक्यात होता आणि प्रत्येक तालुक्यात अल्पसंख्य होता. राखीव मतदारसंघ असले तरी तिथे उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, मतदार मात्र गावातले सगळे. त्यामुळे राखीव जागाही शेवटी मोठ्या पक्षाकडेच झुकते.

प्रभावी पक्षसंख्या नावाचं एक माप आहे, ते घरी वहीवर काढता येतं. प्रत्येक पक्षाचा वाटा दशांशात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि १ ला त्या बेरजेने भागायचं. १९६२ च्या जागांवर हे केलं तर काँग्रेसचा वाटा ०.८१४, त्याचा वर्ग ०.६६३, बाकीच्या सगळ्यांचे वर्ग मिळून जेमतेम अर्धा शतांश. उत्तर येतं सुमारे दीड. तेच मतांवर केलं तर साडेतीनच्या आसपास. म्हणजे गावोगाव साडेतीन पक्ष होते आणि सभागृहात पोचेपर्यंत त्यांचे दीड झाले. एक खबरदारी: अपक्षांना एक पक्ष समजून त्यांचा एकत्र वर्ग करायचा नाही. प्रत्येक अपक्ष स्वतंत्र धरायचा, नाहीतर मतांवरचं उत्तर उगाच खाली येतं.

आता एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. वैध मतं ४५,०००. काँग्रेस २१,०००, शेकाप ११,०००, प्रजासमाजवादी ७,०००, बाकीचे ६,०००. काँग्रेस दहा हजारांनी विजयी, मतं ४७ टक्क्यांहून कमी. अनामत वाचवायला एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात, म्हणजे इथे ७,५०० हून अधिक. सात हजार मतं घेतलेल्या प्रजासमाजवादी उमेदवाराची अनामत जप्त. तेव्हा विधानसभेची अनामत २५० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एका गरीब पक्षाने पन्नास ठिकाणी असं केलं की पुढच्या खेपेला उमेदवार मिळणं कठीण. हा हिशेब वैध मतांवर होतो, झालेल्या मतदानावर नाही, हेही लक्षात ठेवायचं. आधीच्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि मतदार मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायचा. १९६२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं आणि चिन्हं आली, शिक्का मारायची पद्धत आली. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला की मत बाद. त्यामुळे मतदान आणि वैध मतं हे दोन रकाने वेगवेगळे वाचावे लागतात.

वरच्या उदाहरणात विरोधकांची एकूण मतं २४,००० आणि त्यातली सर्वांत मोठ्या विरोधकाची ११,०००. दोन्हींचं प्रमाण ४६ टक्के. याला विरोधी ऐक्याचा निर्देशांक म्हणतात. शंभराच्या जवळ गेला तर लढत सरळ, पन्नासच्या खाली आला तर मोठ्या पक्षाला ४० टक्केही पुरतात. इथे लगेच ११ आणि ७ आणि ६ यांची बेरीज करून विरोधक जिंकले असते असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. प्रजासमाजवाद्यांचा मतदार शेकापला देईलच असं नाही. कित्येक गावांत तो शेकापच्या विरोधात म्हणूनच समाजवाद्यांकडे गेलेला असतो.

तरीही ऐक्याचा परिणाम किती मोठा असतो याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या. मतं ४८ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान, जागा ५९ टक्के. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, महाराष्ट्रात काँग्रेसची मतं ४७ टक्के होती आणि जागा २७० पैकी २०३, म्हणजे ७५ टक्के. मतं कमी, जागा कितीतरी जास्त. फरक समोरच्या बाजूचा. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती आणि गुजरातेत महागुजरात जनता परिषद यांनी बऱ्याच ठिकाणी एकास एक लढत लावली होती. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून थोडक्यात वाचले. सरकार टिकलं ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जोरावर. १९६७ पर्यंत समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेलेले होते.

ही तुलना ढोबळ आहे, आणि का ढोबळ आहे ते सांगायला हवं. १९५७ मध्ये दोन सदस्यांचे मतदारसंघ होते. तिथे प्रत्येकाला दोन मतं असत, त्यामुळे मतांची बेरीज मतदारांच्या बेरजेशी जुळत नाही. १९६१ च्या कायद्याने हे मतदारसंघ रद्द झाले. दुसरं, आयोगाच्या तक्त्यात ‘समिती’ हे नाव शोधाल तर सापडणार नाही. तिचे लोक प्रजासमाजवादी ३६, शेकाप ३१, कम्युनिस्ट १३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १३ आणि ६४ अपक्ष अशा खणांत विखुरलेले आहेत, आणि त्याच खणांत गुजरातचेही लोक आहेत. तक्ता जसाच्या तसा वाचणाऱ्याला १९५७ चा विरोधी पक्ष फुटलेला वाटतो आणि १९६२ चा त्याहून कमी फुटलेला. वस्तुस्थिती बरोबर उलटी.

इथपर्यंत आकड्यांनी भागतं. पण १९६७ मध्ये देशातल्या आठ राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं आणि महाराष्ट्रात तीन चतुर्थांश जागा राहिल्या, हे विरोधकांच्या फुटीने पुरतं समजत नाही. फूट इतर राज्यांतही होतीच. तिथे काँग्रेसमधले नाराज बाहेर पडले आणि विरोधकांना जाऊन मिळाले. महाराष्ट्रात ते फारसे बाहेर पडले नाहीत. माझ्या मते खरी किल्ली इथे आहे, आणि ती पदांच्या संख्येत आहे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून अमलात आला. मुंबई वगळून २५ जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. प्रत्येकीला अध्यक्ष, उपाध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती, आणि खाली तालुक्यातालुक्यात पंचायत समिती सभापती. प्राथमिक शाळा, दवाखाने, जिल्ह्याचे रस्ते, बदल्या, कंत्राटं हे सगळं या लोकांच्या हातात. यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा तपशील असा की आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचं सदस्यत्व नव्हतं. इतर काही राज्यांत आमदार पदसिद्ध सदस्य म्हणून तिथेही बसत. इथे दोन शिड्या वेगळ्या ठेवल्या. परिणामी एकाच तालुक्यात आमदार एक आणि सभापती दुसरा, दोघेही काँग्रेसचे, आणि बहुधा एकमेकांच्या विरोधी गटातले.

तिसरी शिडी सहकाराची. गावची विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर राज्य सहकारी बँक. पीककर्ज याच वाटेने खाली येतं. सोसायटीचा ठराव, बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी, थकबाकीदाराला मुदतवाढ द्यायची की वसुली लावायची, प्रत्येक पायरीवर कुणीतरी निवडून आलेला माणूस बसलेला. शेजारी साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सुरू केलेला नमुना साठच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. भागभांडवलात सरकारचा वाटा, कर्जाला सरकारची हमी, परवाना दिल्लीचा. सत्ताधारी पक्षाबाहेर राहून कारखाना काढणं अशक्य नव्हतं, पण चप्पल झिजवावी लागायची.

आता वेळापत्रक पाहा. विधानसभा फेब्रुवारीत, जिल्हा परिषदा त्यानंतर काही महिन्यांत. ज्याचं तिकीट कापलं त्याला सांगायला काहीतरी होतं. माघारीच्या दिवशी अर्ज काढून घे, परिषदेला तुझा विचार करू, नाहीतर बँकेवर घेऊ. अशा राजवटीत मतदानाच्या दिवसापेक्षा माघारीचा दिवस मोठा असतो. अर्ज, छाननी, माघार या तीन तारखांपैकी शेवटची उलटली की निकालाचा बराचसा अंदाज येतो. किती बंडखोर उरले आणि कुठल्या गटाचे उरले, एवढं पाहायचं.

यालाच पुढे ‘बेरजेचं राजकारण’ हे नाव पडलं आणि ते यशवंतरावांशी कायमचं जोडलं गेलं. बेरजेत विरोधकही धरलेले होते. शेकापचे संस्थापक केशवराव जेधे १९५७ पूर्वीच काँग्रेसमध्ये परतले. दुसरे संस्थापक शंकरराव मोरे १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले, तेही नानासाहेब गोरे यांना हरवून. विरोधी पक्षाचा कार्यक्रम मागे राहतो आणि चालवणारी माणसं जातात, हा त्या पक्षासाठी पराभवापेक्षा वाईट प्रकार. पराभवानंतर निदान पुन्हा लढता येतं.

पाडापाडी, म्हणजे स्वपक्षाचाच उमेदवार पाडणं, मात्र थांबली नाही, आणि तिचंही एक गणित आहे. आपल्या काल्पनिक मतदारसंघात २१,००० पैकी ६,००० मतं बंडखोराने फोडली तरी अधिकृत उमेदवार १५,००० वर जिंकतो. शेकाप ११,००० वर आहे. जागा घालवायची तर बंडखोराने १०,००० हून जास्त पळवायला हवीत, म्हणजे पक्षाची निम्मी मतं, आणि मग ती दोघांत जवळपास समान विभागली जायला हवीत. नुसत्या नाराजीने हे होत नाही. त्यासाठी तालुक्यातला अख्खा गट, सोसायट्या, कारखान्याची माणसं हलावी लागतात. आणि समजा हललीच, तीस ठिकाणी हलली, तरी २१५ चे १८५ होतात आणि सरकार जागेवर राहतं. काठावरच्या बहुमतात स्वपक्षाचा उमेदवार पाडणं म्हणजे आपलंच सरकार घालवणं. भरघोस बहुमतात ते परवडतं. म्हणून वर्चस्वाच्या काळात गटबाजी कमी असते असं समजू नये. ती सर्वांत निर्धास्त असते.

तिला एक लगाम होता. १९६२ आणि १९६७ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. ४४ खासदार, २६४ आमदार, म्हणजे एका लोकसभा मतदारसंघाखाली बरोबर सहा विधानसभा. आजही ४८ ला २८८, तेच सहा. खासदारकीच्या उमेदवाराला सहाही ठिकाणी शांतता हवी असते, कारण एका तालुक्यातली पाडापाडी त्याचीही मतं खाते. तो गावोगाव समेट घालत फिरतो. १९७१ मध्ये लोकसभा मुदतीआधी झाली आणि १९७२ ची विधानसभा एकटी पडली. त्या वर्षी काँग्रेसला ५६ टक्के मतं आणि २७० पैकी २२२ जागा मिळाल्या, पण अपक्षही २३ निवडून आले. १९६२ मध्ये १५ होते, १९६७ मध्ये १६. सगळ्या वाढीचं खापर वेगळ्या निवडणुकीवर फोडता येणार नाही, इंदिरा गांधींच्या काळात तिकिटं दिल्लीहून ठरू लागली तेही कारण आहेच. तरी हे अपक्ष निवडणुकीआधी आणि नंतर कुठल्या पक्षात होते हे एकेक करून तपासावं. ‘अपक्ष’ हा खण सर्वांत फसवा. तिथे बंडखोर असतात, पुरस्कृत असतात, आणि खरोखरचे एकटे लढणारे फार थोडे.

१९७२ मधून आणखी एक गोष्ट निघते. ५१ टक्क्यांना ८१ टक्के जागा, ५६ टक्क्यांना ८२. पाच टक्के मतं वाढून पदरात जवळपास काहीच पडलं नाही. ती जिथे आधीच जिंकत होते तिथेच साठली, मताधिक्य फुगलं, जागा तेवढ्याच. गुजरातचा २०२२ चा निकाल याच चौकटीत बसवून पाहा: भाजपला साडेबावन्न टक्के, १८२ पैकी १५६ जागा. समोर काँग्रेसची २७ आणि आम आदमी पक्षाची १३ टक्के मतं विभागलेली, जागा १७ आणि ५.

जाता जाता विरोधी पक्षनेत्याबद्दल. २०२४ च्या निकालानंतर महाराष्ट्रात कुठल्याच विरोधी पक्षाकडे दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नाहीत म्हणून या पदावरून बराच वाद झाला. १९६२ मध्ये शेकापचे १५ होते, तेव्हाही दहा टक्के भरत नव्हते, आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९७२ मध्ये शेकापचे ७ उरले तरी दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. त्या सातांपुढे सत्ताधारी २२२ होते.

हे वर्चस्व विरोधकांनी वाढून मोडलं नाही. १९७८ मध्ये काँग्रेसचे दोन तुकडे एकमेकांविरुद्ध लढले. जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२, सभागृह २८८ चं. दोन्ही काँग्रेसची बेरीज १३१, म्हणजे फुटूनही जनता पक्षापेक्षा ३२ जास्त. निकालानंतर दोघांनी वसंतदादा पाटलांच्या नेतृत्वाखाली सरकार केलं, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. ते जुलैमध्ये आतूनच पडलं आणि शरद पवार पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे) मुख्यमंत्री झाले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेस एकटीच १८६ वर गेली. म्हणून १९७८ चा तक्ता वाचताना दोन्ही काँग्रेसची मतं मतदारसंघनिहाय शेजारी मांडावीत आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे ते पाहावं. जिथे पहिली आणि दुसरी दोन्ही काँग्रेस आहेत तिथे वर्चस्व तसंच आहे, फक्त चिन्हं दोन झाली आहेत.